मावशीच्या आवारातल्या करवंदीला फळ का धरेना

मावशीच्या आवाराच्या मागच्या कडेला साठ फूट करवंदी आहे. लावली तेव्हा रोपं वीतभर होती, चौथ्या वर्षी छातीएवढी झाली, पानं अशी चकचकीत हिरवीगार की येणारा माणूस थांबून बघायचा. आणि फळ? एक नाही. फूलसुद्धा नाही. दर मार्चमध्ये मावशी सकाळी तिकडे जाऊन फांद्या उचलून बघायची आणि मला फोन करायची, "अगं, वांझ रोपं दिली की काय गं आपल्याला?"

रोपं वांझ नव्हती, चूक आमचीच होती आणि ती सापडायला आम्हाला पूर्ण चार वर्षं लागली. पक्ष्यांसाठी म्हणून करवंद लावणारे आता बरेच जण दिसतात आणि बहुतेक ठिकाणी हीच चूक चालू असते, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आधी जागा सांगते. सह्याद्रीच्या पश्चिम उताराची जांभ्याची जमीन, वर जेमतेम हातभर माती आणि खाली दगड. पावसाळ्यात पाणी धो धो येतं आणि तितक्याच वेगानं निघून जातं, डिसेंबरनंतर जमीन पार तापून कडक होते. करवंदीला ह्यापेक्षा चांगली जागा नाही, कारण ती मुळात ह्याच कातळाची. मागच्या कडेला पूर्वी घाणेरीचं रान होतं, माणसापेक्षा उंच. घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून आपल्याकडे आली आणि मग आवरेनाशीच झाली. ती काढायची आणि तिथे इथलंच काहीतरी लावायचं, पाखरांना खायला मिळेल आणि लपायलाही होईल असं, हे मावशीनं ठरवलं होतं. मी तिला करवंद सुचवलं.

सुरुवातच चुकली. मी पोचायच्या आधीच दोन माणसं कोयते घेऊन लागली होती आणि निम्मी घाणेरी आडवी झाली होती. महिना एप्रिल. मी गेले तेव्हा तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाशी शिपाई बुलबुलाची जोडी सारखी फिरत होती, ढिगावर बसायची, ओरडायची, परत उडायची. फांद्या उचलल्या तर खाली वाटीएवढं घरटं, कलंडलेलं. आत काही शिल्लक नव्हतं. ते दोघे तीन दिवस तिथे येत होते. त्या तीन दिवसांत मावशीनं काम थांबवलं, म्हणाली, "उरलेली राहू दे. आपलं झाड उभं राहील तेव्हा बघू." हा निर्णय तिनं दुःखातून घेतला होता, पण पुढे सगळ्यात उपयोगी तोच पडला. कारण घाणेरी कितीही उपरी असली तरी त्या कडेला तेव्हा पाखरांना आडोसा तेवढाच होता, काळी फळंही तेवढीच होती आणि फुलपाखरांना मधही तिथलाच. एकदम सगळी काढली असती तर चार-पाच वर्षं तिथे काहीच उरलं नसतं.

जी काढली होती ती परत फुटू नये म्हणून एक पद्धत वापरली, दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली. घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोरानं फुटते, म्हणून ती जमिनीच्या खाली 3 ते 5 सेंटीमीटरवर, खोड आणि मूळ जिथे जुळतं त्याच्या खाली तोडायची आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत मूळ धरत नाही. आमच्या दगडात पहार आणि कुदळीनं हे करायला वेळ लागला, पण अशी तोडलेली घाणेरी खरंच परत आली नाही. बियांपासून येणारी रोपं मात्र आजही दर पावसाळ्यात उपटावी लागतात, पाखरं ती आणत राहतात आणि राहणारच.

रोपांची गोष्ट थोडक्यात सांगते. निम्मी नर्सरीतून आणली, निम्मी मी बियांपासून केली. करवंदाच्या बियांचं लक्षात ठेवायचं ते एवढंच की त्या साठवायच्या नाहीत. पिकून काळं झालेलं फळ घ्यायचं, गर चोळून बी धुवायचं, चीक पूर्ण जाऊ द्यायचा, एखादा दिवस सावलीत ठेवायचं आणि लगेच पेरायचं. पुढच्या वर्षी पेरू म्हणून डबीत ठेवलं की बी मेलंच म्हणून समजा. फांद्या लावूनही रोपं करता येतात पण त्या सहज मूळ धरत नाहीत, शिवाय पक्ष्यांच्या बागेत सगळी रोपं एकाच झाडाच्या फांद्यांची असण्यापेक्षा वेगवेगळ्या जाळ्यांच्या बियांची असलेली मला जास्त पटतात, एखादं लवकर पिकतं, एखादं उशिरा.

नर्सरीच्या रोपांपैकी पाच वेगळीच निघाली. पानं जास्त गोल आणि जाड, म्हणून ती पाच आम्ही आधीच काढून पुढच्या अंगणात लावली, आणि तिथे फूल आपल्या करवंदाच्या दुप्पट मोठं आलं, फळ पिकल्यावर काळं न होता लालच राहिलं. ते दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ प्लम, कॅरिसा मॅक्रोकार्पा. आपलं ते कॅरिसा कॅरंडास, लिनियसनं 1767 मध्ये नाव दिलेलं, जुन्या पुस्तकांत कॅरिसा कंजेस्टा म्हणूनही सापडतं. दोघं भावंडंच, काटे दोघांना, चीक दोघांना, त्यामुळे लहान रोपात घोटाळा सहज होतो. देशी म्हणून मुद्दाम लावायचं असेल तर रानातल्या जाळीखालचं पिकलेलं फळ आणून आपणच बी टाकणं सगळ्यात खात्रीचं.

आता मुख्य चूक. आमच्या डोक्यात होतं "कुंपण". मागच्या कडेला काटेरी हिरवं कुंपण आणि पक्ष्यांना फळं, दोन्ही एकदम. म्हणून दोन-दोन फुटांवर एका ओळीत रोपं, प्रत्येकाला आळं, ड्रिप, दर पावसाळ्याआधी भरपूर शेणखत, आणि दुसऱ्या वर्षापासून कात्री. डिसेंबरात एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी एकदा आणि जूनमध्ये एकदा. झाड सुंदर वाढलं. वरून पट्टीनं आखल्यासारखं सपाट, बाजूनं भिंत. आणि त्या चार वर्षांत बुलबुल कुठे होते? उरलेल्या घाणेरीत. शिंपी पक्षी घाणेरीत, फुलपाखरं घाणेरीवर. आमच्या साठ फुटांच्या अर्ध्या भागात देशी झाड आणि अर्ध्यात उपरं, आणि पाखरांनी सरळ उपरं निवडलेलं. मला खूप वाईट वाटायचं. देशी झाड लावलं की झालं, पाखरं आपोआप येतील असं मी स्वतः लोकांना सांगत होते आणि इथे रोज त्याच्या उलट दिसत होतं.

मग कारणं शोधायला लागलो. ऊन कमी पडतंय का? नाही, दिवसभर ऊन. वय कमी आहे का? बियांची करवंदी दोन-तीन वर्षांत फुलायला लागते, आमची चार वर्षांची. कीड? नाही. परागण? त्यासाठी आधी फूल तरी हवं. कोणी म्हणालं खत वाढवा, ते एक वर्ष वाढवून पाहिलं, नुसता पाला वाढला.

उत्तर सापडलं ते पाण्याच्या टाकीमागे. कुंपणाचं शेवटचं टोक टाकीच्या मागे जातं आणि तिथे टाकी आणि गडग्याच्या मधे माणूस शिरत नाही, त्यामुळे तिथल्या दोन झाडांना कधी कात्री लागलेली नव्हती. जानेवारीअखेरीस संध्याकाळी मी टाकीचा व्हॉल्व बघायला गेले आणि वास आला, जाईच्या जवळ जाणारा पण जरा जड. वाकून बघितलं तर गडग्यावर रेललेल्या चार फांद्या पांढऱ्या झालेल्या. मी तशीच चपला न घालता मावशीला बोलवायला धावले. आम्ही दोघी टॉर्च घेऊन एक फांदी हातात धरून बघत होतो. प्रत्येक झुबका फांदीच्या अगदी शेंड्याला, शेवटच्या पानांच्या जोडीतून निघालेला, बारीक गुलाबीसर नळीच्या कळ्या आणि उघडलेलं फूल पाच पाकळ्यांचं, चांदणीसारखं. खालच्या जुन्या लाकडावर एकही नाही. मावशी फांदीचा शेंडा बोटात धरून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अगं, हेच तर आपण कापतो."

बरोबर तेच. करवंदी फुलते शेंड्याला, त्याच मोसमाच्या फांद्यांच्या टोकाला, आणि आपल्या भागात फुलायचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च, कुठे एप्रिलपर्यंत. डिसेंबरात छाटलं की तयार होत आलेले शेंडे गेले. त्यातून ज्या फुटल्या त्या फेब्रुवारीत गेल्या. झाड बिचारं दर वेळी नव्यानं पालवी काढत होतं, त्याला फुलायची वेळच मिळत नव्हती.

पण टाकीमागच्या झाडांत अजून एक फरक होता, तिथे ड्रिपची नळीही पोचत नव्हती. म्हणजे कात्री नाही आणि पाणीही नाही. ह्यातलं नेमकं कोणतं कारण, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं, म्हणून पुढचं वर्षभर आम्ही करवंदीच्या पट्ट्याचे तीन भाग केले. एका भागाला कात्री बंद पण ड्रिप चालू. दुसऱ्याला दोन्ही बंद, ऑक्टोबरनंतर एक थेंब नाही. तिसरा भाग पायवाटेला लागून, तिथे काटे लागतात म्हणून छाटणी आधीसारखीच. खत तिघांनाही बंद. मावशीला पाणी बंद करायचं जड गेलं, मार्चमध्ये पानं जरा मलूल दिसली की ती हातात पाइप घेऊन उभी राहायची आणि मी फोनवर "मावशी, नको, ते कातळावर बिनपाण्याचं जगणारं झाड आहे" म्हणून सांगायचे.

छाटलेल्या भागात तळाशी, आत दडलेल्या तीन-चार फांद्यांना थोडी फुलं, बाकी काही नाही. न छाटलेल्या पण पाणी चालू असलेल्या भागात फुलं आली, पण उशिरा आणि विरळ, आणि मधे मधे लांबलचक कोवळे फुटवे. दोन्ही बंद होतं तिथे फांद्या आखूड राहिल्या, पानं जरा लहान, रंगही तितका चकचकीत नाही, आणि शेंडा न् शेंडा पांढरा. एका बागेतला एका मोसमाचा हा अनुभव, पण फरक इतका उघड होता की आमच्यापुरता प्रश्न मिटला. कात्री हे मोठं कारण, पाणी आणि खत हे त्याला जोड.

आणि तेव्हा मला तो शब्द परत ऐकू आला. आपण करवंदीचं झाड म्हणत नाही, झुडूपही फारसं म्हणत नाही, म्हणतो करवंदीची जाळी. ती वाढतेच तशी, फांदी वर जाते, स्वतःच्या वजनानं वाकते, जमिनीला टेकते, तिच्यावर दुसरी चढते, काटे काट्यांत अडकतात आणि आत एक पोकळी तयार होते जिथे हात जात नाही, मांजर जात नाही आणि बुलबुल आरामात जातो. आम्ही चार वर्षं त्या जाळीची भिंत करत होतो. भिंतीत बाहेरच्या चार बोटांत गच्च पाला आणि आत उघडी काटकं. बसायला आडवी फांदी नाही, आत शिरायला वाट नाही, खायला फळ नाही, मग पाखरांनी यावं कशाला?

त्या वर्षापासून मागची कात्री बंद. पायवाटेच्या बाजूचा भाग छाटावाच लागतो, तो आता पिकणं संपलं की जूनच्या शेवटी, एकदाच, आणि तोही पट्टीनं आखून नाही, वाटेत आलेली लांब फांदी मुळापासून काढायची, बाकीच्यांना हात नाही. अशी छाटणी केली की पावसाळ्यात नवीन फांदी येते आणि तिला जानेवारीपर्यंत तयार व्हायला पूर्ण वेळ मिळतो. छाटण्याआधी पाच मिनिटं उभं राहून बघायचं, कोणी चोचीत काडी किंवा अळी घेऊन आत जातंय का, जात असेल तर त्या भागाला महिनाभर हात लावायचा नाही. छाटताना हातमोजे आणि चष्मा, कारण कण्हेरीच्या कुळातलं झाड, चीक पांढरा दुधासारखा निघतो आणि डोळ्यात गेला की आग होते.

पाचव्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं. एप्रिलच्या शेवटी हिरव्याची लालसर झाली, मग जांभळी काळी. सगळी एकदम पिकत नाहीत हे पाखरांच्या दृष्टीनं फार मोलाचं, महिनाभर रोज थोडी थोडी मिळत राहतात, आणि ते दिवस असे की बाकी रान वाळलेलं असतं आणि घरट्यांत पिल्लं असतात. लालबुड्या बुलबुल आधी आले, मग कोकीळ, खारी तर दिवसभर. आम्ही फक्त पायवाटेवरून हाताला येतील तेवढी घेतो, आत हात घालत नाही.

फळाइतकाच आनंद मला एका अळीनं दिला. पावसाळ्यात मावशीकडे काम करणारे काका सांगत आले की करवंदीची दोन-तीन फांद्यांची पानं साफ झालीत, फवारणी करू का. मी गेले, शोधायलाच दहा मिनिटं लागली, कारण अळी पानाच्याच हिरव्या रंगाची, बोटाएवढी जाड, शेपटाकडे एक छोटं वाकलेलं शिंग. हॉक मॉथची अळी. ह्या पतंगांतले नेफेले वंशातले काही पतंग करवंदीवर अंडी घालतात. काकांना म्हटलं, "काका, फवारू नका, ही मोठी झाली की उडून जाईल." ते म्हणाले, "अहो ताई, पण पानं खाल्ली ना तिनं." खाल्ली. तीन आठवड्यांनी त्याच फांद्या परत पालवल्या. त्या अळ्यांतल्या काही बुलबुलांनी उचलल्या, ते मी स्वतः पाहिलं, आणि काही खाली पाल्यात उतरल्या असतील. म्हणूनच जाळीखालचा पालापाचोळा आम्ही झाडत नाही. करवंदीच्या फुलाची नळी लांब आणि बारीक, वास संध्याकाळी वाढणारा, लांब सोंडेच्या किड्यांसाठीच बनल्यासारखी. अळी मारली तर पुढच्या जानेवारीत त्या नळ्यांशी येणार कोण?

शेजाऱ्यांची तक्रार आली ती सापांची. "वहिनी, जाळी वाढवलीत, आता साप येतील." मावशीनं त्यांना खोटा धीर दिला नाही हे मला आवडलं. धामण आहे तिथे, दोनदा दिसली. उंदीर आहेत म्हणून धामण आहे. पण जाळी घरापासून लांब, मागच्या कडेला आहे, घराच्या भिंतीलगत आम्ही करवंद लावलं नाही आणि कोणी लावूही नये. पायवाटेच्या बाजूनं खालचा फूटभर भाग मोकळा ठेवलाय, पाय कुठे पडतोय ते दिसतं. अंधारात तिकडे जायचं नाही, पडलेलं फळ उचलायला आत हात घालायचा नाही, मुलांना हे पहिल्यांदा शिकवायचं. एवढं सांगितल्यावर शेजारी पूर्ण निर्धास्त झाले असं नाही, पण त्यांच्याकडच्या बाजूचीही फांदी आता आम्ही वेळेवर काढतो आणि बोलणं थांबलं.

राहिलेली घाणेरी सहाव्या वर्षी काढली, तीही एकदम नाही, ऑक्टोबरात दहा-दहा फूट, आधी प्रत्येक फांदी हलवून बघून. जागा रिकामी झाली तशी बियांची करवंदी लावली, ह्या वेळी चार-चार फुटांवर आणि वाकड्यातिकड्या दोन ओळींत, एकदाच पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर शेणखत आणि पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यापासून काही नाही. ती हळू वाढतायत, जुन्यांच्या निम्म्या वेगानं, आणि मला आता त्याची घाई नाही.

घरटं जाळीत झालं ते त्याच्या पुढच्या मार्चमध्ये. शिपाई बुलबुलाचंच. पहिली अंडी भारद्वाजानं खाल्ली, सकाळी तो जाळीच्या तळातून चालत आत गेला आणि दोघे जीव तोडून ओरडत होते, आम्ही काही केलं नाही, तोही त्याच जाळीचा. दोन आठवड्यांत त्यांनी फूटभर अजून आत, दोन आडव्या फांद्या काट्यांनी अडकल्यात त्या बेचक्यात दुसरं बांधलं. दुर्बिणीनं लांबूनच बघायचो. मे महिन्यात दोन पिल्लं बाहेर आली, शेपट्या आखूड, अजून गालावर लाल ठिपका नाही, आणि पहिला दिवस पूर्ण जाळीच्या आतल्या आत एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर करत काढला.

ह्या पावसाळ्यात मावशीचा फोन आला. गडग्याच्या वरून जी तार जाते, जिथे बुलबुल खाऊन झाल्यावर जाऊन बसतात, बरोबर तिच्याखाली चार-पाच रोपं उगवलीयेत. दोन पानं झाल्यावर तिनं एकाचं टोक खुडून बघितलं. घाणेरीचं असतं तर चुरगळल्यावर तो उग्र वास आला असता. "वास नाही गं," ती म्हणाली, "पांढरा चीक आला."